हाताला कळेल असा गोटी सेट

मी एक गोटी सेट बोलतोय. मुलं अंगणात खेळतात त्या काचेच्या गोट्यांचा माझा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाडीचे नट-बोल्ट खोलायला पान्याच्या टोकावर जी पोलादी टोपी बसवतात तिला पुस्तकात सॉकेट म्हणतात आणि गॅरेजमध्ये गोटी. अशा लहानमोठ्या गोट्या, त्यांना फिरवणारं एक कटकट वाजणारं रॅचेट, एक टी-हँडल आणि एक लांब दांडा, हे सगळं हिरव्या पत्र्याच्या पेटीत आपापल्या खाचेत बसलेलं असतं. ते सगळं मिळून मी.

माझी सगळ्यांत लहान गोटी बावीस नंबरची आणि सगळ्यांत मोठी पन्नासची. ज्यांना या कामातलं कळतं ते एवढ्यावरूनच ओळखतील की मी ट्रकवाल्यांचा माल आहे. ज्यांना कळत नाही त्यांनी इतकंच ध्यानात ठेवावं की घरासमोर उभी असते त्या छोट्या गाडीला माझा उपयोग नाही. तिचे बहुतेक नट दहा, बारा, चौदा नंबरचे. त्यांच्यावर माझी गोटी ठेवणं म्हणजे पोराच्या डोक्यावर आजोबांची टोपी.

मी जड आहे, आणि स्वभावानंही तसाच. मला चटकन काही वाटत नाही. कोणी आपटलं, कोणी विसरलं, कोणी वर पाय ठेवून बूट बांधले, मला सगळं सारखंच. तरी दोन-तीन वेळा मला वाईट वाटलं आहे. ते कधी, ते पुढे सांगेन.

माझा जन्म पंजाबातला. लाल झालेल्या पोलादावर घण पडला, कोणीतरी अंगात सहा कोन पाडले, मग आंबूस वासाच्या टाकीतून बुचकळून काढल्यावर मला चकाकी आली. जन्माच्या गोष्टी याहून जास्त मला आठवत नाहीत. माणसांनाही कुठं आठवतात? पेटीत बंद करून मला ट्रकनं जबलपूरला पाठवलं आणि तिथल्या गोरखपूर नावाच्या भागातल्या बाजारात एका हत्यारांच्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर माझी रवानगी झाली. जड माल खालीच ठेवतात.

तिथं बसून मी माणसं गोटी सेट कसा निवडतात ते पाहिलं. बहुतेक जण चकाकी पाहतात. काही जण पेटीवर किती नग लिहिलेत तेवढंच वाचतात आणि त्यातले अर्धे नग स्क्रू-ड्रायव्हरची टोकं असतात हे घरी गेल्यावर त्यांना कळतं. एक गृहस्थ तर पेटीचा रंग बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते. ज्याला खरंच काम करायचं असतं तो निराळा वागतो. तो गोटी रॅचेटवर चढवून हलवून बघतो, सैल आहे का ते पाहतो. आतून कोन सहा आहेत की बारा, ते मोजतो, कारण गंजलेल्या बोल्टावर बारा कोनांची गोटी घसरते आणि बोल्टाच्या कडा झिजून तो गोल होतो. आणि सगळ्यांत आधी तो स्वतःला विचारतो, माझ्याकडे गाड्या कोणत्या येतात?

लक्ष्मणराव मेश्राम दुकानात आले तेव्हा त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांच्यासोबत त्यांचे मित्र चंद्रशेखर होते. दोघंही लष्करासाठी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. जबलपुरात त्याला नुसतं फॅक्टरी म्हटलं तरी पुरतं. लक्ष्मणराव त्या महिन्याच्या शेवटी निवृत्त व्हायचे होते. फॅक्टरीत अशी रीत आहे की सेक्शनची माणसं मिळून निवृत्त होणाऱ्याला एक वस्तू देतात. कोणाला भिंतीवरचं घड्याळ, कोणाला सूटकेस, कोणाला मिक्सर. त्याला काय हवं ते आधी विचारतात. लक्ष्मणरावांनी सांगितलं होतं, मला गोटी सेट द्या. माझा पोरगा गॅरेज उघडून राहिला.

हे वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला पुढे कळलं. त्यांचा मुलगा विपुल फॅक्टरीच्या अप्रेंटिसच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा बसलाच नाही. परस्पर एका गॅरेजमध्ये कामाला लागला. सगळी वस्ती फॅक्टरीवर जगणारी, त्यात हा असा. लक्ष्मणरावांनी भांडण केलं नाही. त्यांनी विपुलशी बोलणंच सोडलं. पाणी दे, पंखा बंद कर, एवढंच. पुढे विपुलचं लग्न झालं, तरी ते तसंच राहिलं. म्हणजे मी नुसता गोटी सेट नव्हतो. पोराच्या धंद्याला बापानं दिलेली ती पहिली मान्यता होती.

दुकानदारानं विचारलं, "अंकल जी, कौन सी गाड़ी का काम रहेगा?"

"मोटर गाड़ी, और क्या," लक्ष्मणराव म्हणाले.

दुकानदारानं छोट्या गाड्यांचा सेट काढून समोर ठेवला. चांगला होता बिचारा, खोटं काहून बोलू. लक्ष्मणरावांनी त्यातली दहा नंबरची गोटी चिमटीत उचलली, दुसऱ्या हाताकडे नेली आणि ती मधेच खाली पडली. त्यांना ते कळलं नाही. चिमूट तशीच धरून ते रिकाम्या बोटांकडे पाहत राहिले. चंद्रशेखर तेव्हा दुकानदाराशी भाव करण्यात गुंतले होते, त्यामुळे कोणी पाहिलं नाही. गोटी घरंगळत खाली माझ्याजवळ येऊन थांबली. ती उचलायला लक्ष्मणराव वाकले आणि त्यांचा हात माझ्या पेटीवर पडला.

पेटी उघडी होती. त्यांनी माझी पन्नासची गोटी उचलली. त्या बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो. बोटं जाड, घट्टे पडलेली, आणि बधिर झालेली. उभं आयुष्य त्यांनी हवेवर चालणारी थरथरती गन हातात धरून ट्रकच्या चाकांचे नट कसले होते. त्या थरथरीनं हळूहळू बोटांतली जाण काढून घेतली, वरून साखरेचा आजार. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं कुसुमबाई लावून द्यायच्या तेव्हा ते म्हणायचे, मला जवळचं दिसत नाही.

पन्नासची गोटी मात्र त्यांच्या हाताला कळली. त्यांनी ती मुठीत धरली, खालीवर केली, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हाच," ते म्हणाले.

"अरे लक्ष्मण," चंद्रशेखर म्हणाले, "हा तर ट्रकचा सेट आहे. पोरगा ट्रक करणार आहे का? त्याच्याकडे छोट्या गाड्या येतील ना बे."

"जिंदगीभर हेच काम केलं मी. मला शिकवून राहिला काय? हत्यार हातात कळलं पाहिजे. ते दुसरं हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही."

चंद्रशेखर पुन्हा भावाकडे वळले. ट्रकच्या फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या माणसाला नट म्हणजे ट्रकचाच नट वाटतो, असं त्यांनी समजून घेतलं असावं. त्यांना त्या वाक्याचा खरा अर्थ कळला नाही. मला कळला होता, पण पेटीतून कोणाला सांगणार?

निवृत्तीच्या दिवशी फॅक्टरीच्या फाटकापासून मिरवणूक निघाली. उघड्या जीपवर लक्ष्मणराव उभे, गळ्यात नाक झाकेल इतके हार, पुढे ढोल, मागे स्कूटरवर सेक्शनची माणसं. ही पण तिथली रीत. नवरदेवाला काय नाचत नेतील असे निवृत्त माणसाला घरी पोचवतात. त्यांच्या कांचघर वस्तीतल्या गल्लीत जीप शिरली तेव्हा बायका दारात आल्या. मी जीपच्या सीटवर होतो आणि गुलालानं माझं झाकण लाल झालं होतं.

घरात कुसुमबाईंनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली. मग सगळ्यांसमोर लक्ष्मणरावांनी विपुलला हाक मारली. अशी हाक त्यांनी किती दिवसांनी मारली होती कोण जाणे. विपुल स्वयंपाकघरातून हात पुसत आला.

"हे घे. गॅरेजसाठी. मी स्वतः निवडला."

विपुलनं पेटी उघडली. एका नजरेत त्याला कळलं. त्याच्या शेजारी उभी असलेली त्याची बायको एकता, जी पुढे गॅरेजमध्ये गिऱ्हाईक आणि फोन सांभाळणार होती, तिलाही कळलं. ती काही म्हणणार एवढ्यात विपुलनं तिच्या पायावर पाय ठेवला.

"एकदम बढिया आहे, बाबा," तो म्हणाला. "मला हाच पाहिजे होता."

लक्ष्मणरावांनी मान हलवली आणि त्या रात्री विपुलला आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. लोखंडाच्या दृष्टीनं एक माणूस खोटं बोलला आणि एक माणूस खूश झाला, हिशोब तिथंच मिटला होता.

गॅरेज गोरखपुरातच उघडलं, बाजारापासून आत, भाड्याच्या दोन शटरमध्ये. पहिल्या दिवशी मी टेबलावर, फुलांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली. त्याच आठवड्यात विपुल आणि एकता जाऊन छोटा सेट घेऊन आले. सहा कोनांचा, आठपासून चोवीसपर्यंत, स्पार्क प्लगसाठी एक लांब गोटी वेगळी. तो निवडताना विपुलनं प्रत्येक गोटी रॅचेटवर चढवून पाहिली म्हणे. हे मला त्या धाकट्या सेटनंच ऐकवलं, जरा जास्तच वेळा. सकाळी शटर उघडलं की त्याची कटकट सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. येता-जाता विपुल त्याला पुसायचा. मी टेबलाखाली, माझ्यावर जुन्या टायरची ट्यूब.

नाही म्हणायला माझी बत्तीसची गोटी कधीतरी बाहेर यायची. छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तेवढा तिच्या मापाचा. बाकीच्या गोट्या जन्मल्या तशाच होत्या. त्यांच्या अंगावरचं कारखान्यातलं तेलसुद्धा सुकलं नव्हतं.

लक्ष्मणराव दर रविवारी गॅरेजवर यायचे. ई-रिक्षातून उतरायचे, शटरजवळच्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "काय रे, सेट चालून राहिला ना?"

"हो बाबा. रोज लागतो."

पहिल्याच रविवारी त्यांनी पेटी उघडून पाहिली होती आणि म्हणाले होते, "नवाच दिसून राहिला अजून." तेवढंच. पण दुसऱ्या रविवारी सकाळी एकतानं मला टेबलाखालून ओढून काढलं, इंजिनाचं काढलेलं काळं तेल डब्यातून घेतलं आणि बोळ्यानं माझ्या एकेका गोटीला लावलं. दोन गोट्या मुद्दाम दुसऱ्यांच्या खाचेत ठेवल्या.

"काय करून राहिली?" विपुलनं विचारलं.

"तुमचं खोटं निभावून राहिले. यार, एकदा सांगून का नाही टाकत बाबांना?"

"काय सांगू? तुम्ही आयुष्यभर नट कसले आणि तुम्हाला गोटी सेट निवडता येत नाही, असं? आत्ता कुठं बोलून राहिले ते माझ्याशी."

एकतानं बोळा त्याच्या हातात दिला. मग हा नेमच झाला. रविवारी सकाळी माझ्या तोंडाला काळं लागायचं, दुपारी लक्ष्मणराव पाहून समाधानानं जायचे, आणि सोमवारी विपुल मला रॉकेलनं धुऊन, पुसून, परत ट्यूबखाली सरकवायचा. त्याला हत्यार घाण ठेववत नसे. निदान माझा तो तरी उपयोग होता. काम न करता कामाचा मळ अंगावर वागवणं, हे माझं काम. तुमच्यातही असे लोक असतात, त्यांना बढती मिळते असं ऐकलं.

अशी दोन वर्षं गेली आणि त्यांत बाप-लेकाचं बोलणं वाढलं. लक्ष्मणराव रविवारी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगा माझा आहे, हत्यार माझ्या पसंतीचं आहे, घाबरू नका. गिऱ्हाईक हसायचं. विपुल गाडीखालून हे ऐकायचा आणि थोडा वेळ त्याच्या रॅचेटची कटकट थांबायची. एकदा तर बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. गॅरेज मोडेल की चालेल याची काळजी विपुलला होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की हे बोलणं कधीतरी माझ्यापायी थांबेल.

मग एका बुधवारी लक्ष्मणराव न सांगता आले. साखरेच्या आजाराच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते, तिथून पायी इकडे वळले. विपुल एका गिऱ्हाइकाची गाडी फिरवून बघायला गेला होता आणि एकता बाहेर रस्त्यावर पाठ फिरवून पार्टच्या दुकानदाराशी फोनवर वाद घालत होती. लक्ष्मणराव आत आले. बसायला खुर्ची दिसेना म्हणून टेबलाकडे वळले आणि त्यांना टेबलावर धाकटा सेट दिसला. उघडा, झिजलेला, नंबर पुसत आलेले. मग त्यांनी वाकून खाली पाहिलं. ट्यूब बाजूला केली. मला बाहेर ओढलं.

मी स्वच्छ होतो. सोमवारीच धुतलेला. आरशासारखा चकाकत होतो, आणि बत्तीसची सोडून एकाही गोटीच्या आत ओरखडा नव्हता. फॅक्टरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वापरलेली गोटी आणि न वापरलेली गोटी यांतला फरक सांगावा लागत नाही. एकेक गोटी डोळ्यांजवळ नेऊन ते आतून पाहत होते. त्यांनी सगळ्या पाहिल्या. मग ते जमिनीवर बसले.

तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मी म्हटलं होतं ना, दोन-तीन वेळा वाटलं म्हणून. ते रडले असते, रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले, बसस्टँडवर गाडी चुकलेला माणूस बसतो तसे.

शेवटी ते उठले. कोपऱ्यात काळ्या तेलाचा डबा होता आणि त्यावर बोळा. रविवारी मी त्यांना काळा का दिसतो, हे त्या बोळ्याकडे पाहून त्यांना उमगलं असावं. त्यांनी बोळा तेलात बुडवला आणि माझ्या एकेका गोटीला तेल लावायला सुरुवात केली. नीट, मन लावून. दोन गोट्या चुकीच्या खाचेत ठेवल्या. झाकण लावताना पत्र्याची कड त्यांच्या बोटात शिरली आणि रक्त आलं. त्यांना ते कळलं नाही. त्याच बोटानं त्यांनी पेटी टेबलाखाली ढकलली, ट्यूब वर ठेवली, आणि एकताचा फोन संपायच्या आत ते मागच्या बाजूनं निघून गेले.

रविवारी सकाळी एकतानं मला ओढून काढलं आणि झाकण उघडलं. तिनं तिथूनच विपुलला विचारलं.

"तुम्ही लावलं का तेल?"

"नाही. काहून?"

विपुल आला. त्यानं गोट्या पाहिल्या. मग झाकणाच्या कडेवर वाळलेलं रक्त पाहिलं. एकतानं बोळा डब्यावर परत ठेवला. धाकट्या सेटची त्या दिवशी कटकट नव्हती.

लक्ष्मणराव नेहमीच्या वेळी आले. उजव्या हाताच्या बोटाला कुसुमबाईंनी बांधलेली चिंधी होती. खुर्चीत बसले, एकतानं चहा दिला. त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "काय रे, सेट चालून राहिला ना?"

विपुलनं चिंधीकडे पाहिलं.

"बोटाला काय झालं, बाबा?"

"काय माहीत. कुठं लागलं, कळलंच नाही. तुझ्या आईनं दाखवलं तेव्हा पाहिलं."

विपुल उठला. टेबलावरून दहा नंबरची गोटी घेऊन आला आणि बापासमोर बसला. "डोळे मिटा," म्हणाला. लक्ष्मणरावांनी का, असं विचारलं नाही. डोळे मिटले. विपुलनं गोटी त्यांच्या बोटांवर ठेवली.

"काय आहे हातात?"

लक्ष्मणरावांची बोटं तशीच उघडी राहिली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"कधीपासून?" विपुलनं विचारलं.

"झाली पाच-सहा वर्षं. फॅक्टरीतच सुरू झालं होतं. सांगितलं असतं तर लाइनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं असतं." त्यांनी डोळे उघडले. "त्या दुकानात हा एकच हातात कळला रे. बाकी सगळी हवा. वाटलं, हे तरी नीट पाहून, हातात घेऊन पोराला देऊ."

"बाबा, हा सेट माझ्या कामाचा नाही."

"बुधवारीच कळलं मला."

"मग तुम्ही काहून तेल लावलं?"

"तू काहून लावत होता?"

 एकता आत जाऊन उगाच स्टोव्ह पुसत बसली. चहा संपवून लक्ष्मणराव म्हणाले की चंद्रशेखरच्या ओळखीत बायपासला ट्रकचं गॅरेज आहे, त्याला हा देऊन टाक, पडून राहण्यापेक्षा हत्यार कामाला लागलेलं बरं. मी कान टवकारले. बायपास! मोठे ट्रक, मोठे नट, सकाळ-संध्याकाळ काम. मला पहिल्यांदा कशाची तरी हाव सुटली.

"देणार नाही," विपुल म्हणाला.

मी कांचघरला परत आलो तो असा. आता पडवीत, लक्ष्मणरावांच्या खुर्चीशेजारी एका लाकडी टेबलावर असतो. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली जाण परत येणं कठीण, पण हाताला काम देत राहा. गॅरेजला निघण्याआधी विपुल रोज माझं झाकण उघडतो. लक्ष्मणराव डोळे मिटून हात टेबलावर पालथा, मग उताणा ठेवतात. विपुल तळहातावर एक गोटी ठेवतो आणि ते नंबर सांगतात. सुरुवातीला छत्तीसपासून वरचे सगळे बरोबर यायचे. बरोबर आला की ते म्हणायचे, "शाबास," आणि ते कोणाला म्हणतात हे कुसुमबाईंना कधी कळलं नाही. मला वाटायचं, मलाच म्हणतात.

पावसाळा सरता सरता छत्तीस गेला. मग एक्केचाळीस. हिवाळ्यात सेहेचाळीस, आणि तेव्हा मला दुसऱ्यांदा वाईट वाटलं. विपुल चुकीच्या नंबरालाही "बरोबर" म्हणायला लागला. लक्ष्मणराव ओळखत असतील. दोघांना त्याची सवय आहे.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. गोटी सेट घ्यायला जाल तेव्हा ज्याला काम करायचं आहे त्याला सोबत न्या. चकाकी बघू नका, नग मोजू नका, त्याच्याकडे गाड्या कोणत्या येतात ते विचारा. आणि घरातलं कोणी वस्तू हातातून सोडायला लागलं तर त्याला वेंधळा म्हणण्याआधी त्याची बोटं एकदा आपल्या हातात घेऊन पाहा. लोखंडानं दिलेला सल्ला आहे, रागावू नका. मला तर बायपासही मिळाला नाही.

आज सकाळी विपुल आला. दाढी करून, डबा हातात घेऊन, घाईत. लक्ष्मणरावांनी डोळे मिटले आणि हात टेबलावर उताणा ठेवला. विपुलनं माझी पन्नासची गोटी काढली, त्यांच्या तळहाताच्या मधोमध ठेवली आणि वाट पाहू लागला. मी तिथं होतो. माझं सगळं वजन घेऊन त्या हातावर होतो.

"ठेव ना रे," लक्ष्मणराव म्हणाले. "उशीर होऊन राहिला तुला."

विपुल माझ्याकडे पाहत होता. मग त्यानं डबा खाली ठेवला.

"ठेवतो, बाबा," म्हणाला, आणि त्यांची बोटं एकेक करून माझ्यावर मिटवून त्यांच्या मुठीभोवती त्यानं आपली मूठ धरली.